ट्रॅफिक पोलिसांनी गाडी थांबवली तर? फोनमधली कागदपत्रं, ई-चलान आणि व्हिडिओ रेकॉर्डिंगची संपूर्ण माहिती

“गाडी बाजूला घे. लायसन्स दाखव.” टू-व्हीलर चालवणाऱ्या प्रत्येकाने हे वाक्य कधी ना कधी ऐकलेलं असतं. त्यानंतरची पाच मिनिटं कशी जाणार हे बहुतेक वेळा दोन गोष्टींवर ठरतं: तुमच्या फोनमध्ये काय तयार आहे आणि तुमच्या तोंडून काय निघतं.

आपल्याकडे या विषयावर रील्स भरपूर आहेत. “हवालदाराला कागद तपासायचा अधिकारच नाही”, “व्हिडिओ काढला की पोलीस घाबरतात” असलं बरंच काही त्यात सांगतात. ऐकायला भारी वाटतं, पण त्यावर विसंबून रस्त्यावर वाद घातला तर नुकसान आपलंच होतं. पाचशे रुपयांच्या दंडावरून सुरू झालेलं भांडण सरकारी कामात अडथळा आणल्याच्या गुन्ह्यापर्यंत गेलं, तर पासपोर्ट किंवा नोकरीच्या पोलीस व्हेरिफिकेशनमध्ये त्याचं उत्तर देत बसावं लागतं. दुसऱ्या बाजूला, काहीच माहीत नसलं की हातातला फोनही देऊन टाकतो आणि विनापावती पैसेही.

म्हणून या लेखात मी पोलिसांचे अधिकार, आपली जबाबदारी आणि स्मार्टफोनचा नीट उपयोग, हे तिन्ही एकत्र मांडतोय. नियम बहुतेक केंद्राचे आहेत, त्यामुळे ते देशभर लागू होतात. ई-चलानची माहिती महाराष्ट्राची आहे.

थांबवलं तर थांबायचंच

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १३० नुसार गणवेशातल्या कोणत्याही पोलिसाने मागितलं तर चालकाला लायसन्स दाखवावं लागतं. कायद्यात “कोणताही पोलीस अधिकारी, गणवेशात” असे शब्द आहेत. म्हणजे समोर हवालदार आहे की पीएसआय, याने कागद दाखवण्याच्या बाबतीत फरक पडत नाही. “तुम्हाला अधिकार नाही” हे रीलमधलं वाक्य इथेच बाद होतं.

लायसन्ससोबत बाकीचे कागदही येतात. केंद्रीय मोटार वाहन नियमांपैकी नियम १३९ नोव्हेंबर २०१८ मध्ये बदलला. त्यानुसार आरसी, इन्शुरन्स, लायसन्स आणि पीयूसी मागितल्यावर दाखवायचे असतात, व्यावसायिक गाडी असेल तर फिटनेस आणि परमिटही. महत्त्वाचं म्हणजे हे कागद छापील किंवा इलेक्ट्रॉनिक, कोणत्याही स्वरूपात चालतात, असं त्याच नियमात लिहिलंय.

पोलिसांचा कायदेशीर आदेश मुद्दाम मोडला, अडथळा आणला किंवा मागितलेली माहिती दिली नाही तर कलम १७९ लागतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर या कलमाचा दंड ५०० वरून २,००० रुपयांपर्यंत गेला. म्हणजे यू-टर्न मारून पळालात तर मूळ चुकीत आणखी एका कलमाची भर पडते. शिवाय पळताना अपघात होतात ते वेगळंच.

थांबल्यावर माझी पद्धत साधी आहे: इंडिकेटर देऊन डावीकडे घ्यायचं, इंजिन बंद करायचं, चावी स्वतः काढून खिशात ठेवायची, हेल्मेट काढून बोलायचं. आपापसात आपण “मामा” म्हणतो ते ठीक, समोर “साहेब” किंवा “मॅडम”. त्यांनी अरे-तुरे केलं तरी आपण अहो-जाहोच ठेवायचं. यात लाचारी काही नाही. पुढे कधी हा प्रसंग व्हिडिओत किंवा तक्रारीत आला, तर आपली भाषा स्वच्छ असलेली बरी.

फोनमधला कोणता कागद चालतो, कोणता नाही

इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो, म्हणून नीट समजून घ्या.

गॅलरीतला फोटो: लायसन्सचा फोटो काढून ठेवलाय किंवा बाबांनी आरसीचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवलाय. हा फक्त फोटो आहे. पोलिसांनी तो मान्य केला नाही, तर नियमाच्या आधारे तुम्हाला फार काही बोलता येणार नाही.

डिजीलॉकरमधले “इश्यूड डॉक्युमेंट्स”: हे कागद थेट परिवहन खात्याच्या डेटाबेसमधून येतात. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालच्या डिजिटल लॉकर नियमांमध्ये २०१७ साली केलेल्या दुरुस्तीनुसार त्यांना मूळ कागदाचा दर्जा आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने सगळ्या राज्यांना डिजीलॉकर आणि एम-परिवहन या दोन्हींवरची कागदपत्रं मान्य करायला कळवलं.

डिजीलॉकरमध्ये तुम्ही स्वतः “अपलोड” केलेले कागद: इथे बरेच जण फसतात. आपण स्कॅन करून टाकलेली पीडीएफ डिजीलॉकरच्या आत असली, तरी तिला मूळ कागदाचा दर्जा मिळत नाही. ॲप तेच, पण कप्पा वेगळा.

सेटिंग करायला दहा मिनिटं पुरतात:

१. आधारशी जोडलेल्या मोबाइल नंबरने डिजीलॉकरमध्ये खातं उघडा.
२. सर्चमध्ये ड्रायव्हिंग लायसन्स शोधा, रस्ते वाहतूक मंत्रालयाचा पर्याय निवडा आणि लायसन्स नंबर टाका.
३. आरसीसाठी गाडीचा नंबर आणि चेसिस नंबर लागतो. तो जुन्या आरसीवर किंवा इन्शुरन्सच्या कागदावर मिळेल.
४. दोन्ही कागद “इश्यूड” कप्प्यात दिसतात का, ते एकदा उघडून बघा.

नाव जुळत नाही असा एरर आला तर आधारवरचं आणि लायसन्सवरचं नाव ताडून पाहा. वडिलांचं नाव एकीकडे पूर्ण आणि दुसरीकडे फक्त आद्याक्षर, एवढ्यानेही अडतं. गाडी बाबांच्या किंवा ताईच्या नावावर असेल, तर आरसी तुमच्या डिजीलॉकरमध्ये येणार नाही, कारण नाव जुळणार नाही. अशा वेळी आरसीचं मूळ कार्ड जवळ ठेवलेलं सोपं.

इन्शुरन्सचं काय? विमा कंपन्यांची माहिती “वाहन” या सरकारी डेटाबेसमध्ये जाते. तिथे विमा चालू दिसत असेल तर छापील प्रतीची गरज नाही, असं २०१८ च्या त्याच सूचनेत आहे. नूतनीकरण केल्यावर एम-परिवहनमध्ये स्वतःच्या गाडीचा नंबर टाकून नवी तारीख दिसते का, ते मात्र बघून घ्या.

नेट नाही, बॅटरी संपली, मग?

१ ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या नियमांनुसार, जो कागद पोर्टलवर इलेक्ट्रॉनिक पद्धतीने वैध असल्याचं आढळतं, त्याची छापील प्रत तपासणीसाठी मागायची नाही. पोलिसांकडच्या ई-चलान मशीनवर गाडीचा किंवा लायसन्सचा नंबर टाकून ही खात्री करता येते. म्हणून लायसन्स नंबर पाठ ठेवा, किंवा फोनच्या कव्हरमध्ये चिठ्ठीवर लिहून ठेवा.

तरीही माझा सल्ला असा की लायसन्सचं प्लॅस्टिक कार्ड पाकिटात असू द्या. घाटात रेंज नसते, रात्री अकराला बॅटरी तीन टक्के असते आणि ॲप नेमकं तेव्हाच पुन्हा लॉगिन मागतं. डिजीलॉकरमधली पीडीएफ डाउनलोड करून फोनच्या एका फोल्डरमध्ये ठेवली तर निदान नेटवाचून उघडता येते.

फोन दाखवा, हातात देऊ नका

कागद फोनमध्ये आले आणि एक नवी अडचण सुरू झाली. पूर्वी लायसन्स हातात दिलं तर फक्त लायसन्स जायचं. आता अनलॉक केलेला फोन दिला तर चॅट, फोटो, बँकेचे मेसेज सगळं त्याच्यासोबत जातं.

कागद तपासण्याचा अधिकार म्हणजे फोन तपासण्याचा अधिकार नव्हे. खासगीपणा हा मूलभूत अधिकार आहे, असं सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने ऑगस्ट २०१७ मध्ये पुट्टास्वामी खटल्यात एकमताने सांगितलं. एखाद्या गुन्ह्याच्या तपासात फोन जप्त होऊ शकतो, पण त्याला वेगळी कायदेशीर प्रक्रिया आहे. हेल्मेट नाही म्हणून थांबवलेल्या मुलाचं व्हॉट्सॲप उघडून बघणं हा वाहतूक तपासणीचा भाग नाही.

स्क्रीन त्यांच्याकडे वळवून धरा. त्यांना फोटो किंवा नंबर नीट दिसत नसेल तर झूम करून द्या. फोन हातात द्यावाच लागला, तर आधी स्क्रीन लॉक करून ठेवायची सोय आहे:

अँड्रॉइड: सेटिंग्जमध्ये सिक्युरिटीच्या आत “ॲप पिनिंग” किंवा “स्क्रीन पिनिंग” शोधा आणि चालू करा. त्याखालीच “अनपिन करण्याआधी पिन विचारा” हा पर्याय आहे, तोही चालू करा. आता डिजीलॉकर उघडा, रीसेंट ॲप्सच्या स्क्रीनवर जा, ॲपच्या आयकॉनवर टॅप करून “पिन” निवडा. तुमचा पिन टाकल्याशिवाय दुसरं ॲप उघडणार नाही. कंपनीनुसार नावं थोडी बदलतात.

आयफोन: सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटीच्या आत “गाइडेड ॲक्सेस” आहे. चालू करून पासकोड ठेवा. मग ॲप उघडून साइड बटन तीनदा दाबलं की फोन त्याच ॲपवर थांबतो.

घरी बसून एकदा करून बघा. ऐन वेळी चौकात शोधत बसलात तर मागे रांग लागेल आणि समोरचा संशय घेईल.

पोलिसांच्या हातातला फोन

आता उलट बाजू. कारवाईसाठी पोलिसांना अधिकृत ई-चलान मशीन दिलेलं असतं. पण कोपऱ्यात उभं राहून स्वतःच्या मोबाइलवर गाड्यांचे फोटो काढायचे आणि नंतर सवडीने चलान टाकायचं, अशा तक्रारी राज्यभर होत होत्या. जुलै २०२५ मध्ये राज्याच्या अपर पोलीस महासंचालक (वाहतूक) कार्यालयाने परिपत्रक काढून खासगी मोबाइलवर असे फोटो-व्हिडिओ काढायला मनाई केली. उल्लंघन करणाऱ्यांवर शिस्तभंगाच्या कारवाईचा इशाराही दिला.

याचा अर्थ असा नाही की खासगी फोनवरचा फोटो दिसला आणि चलान आपोआप रद्द झालं. पण तक्रार करताना हा मुद्दा भक्कम आहे. तारीख, वेळ, चौक आणि नेमप्लेटवरचं नाव टिपून ठेवा.

कॅमेऱ्याने पकडलेल्या गुन्ह्यांसाठी ऑगस्ट २०२१ मध्ये नियम १६७ अ आला. स्पीड कॅमेरा, सीसीटीव्ही, स्पीड गन, बॉडी कॅमेरा, डॅशबोर्ड कॅमेरा ही सगळी उपकरणं त्यात येतात. उपकरणाला मान्यतेचं प्रमाणपत्र लागतं आणि ते दरवर्षी नव्याने घ्यावं लागतं. नोटीस गुन्हा घडल्यापासून १५ दिवसांत पाठवायची असते. तिच्यात नंबर प्लेटसह गुन्हा स्पष्ट दाखवणारा फोटो, जागा, तारीख, वेळ आणि कोणतं कलम मोडलं हे असायला हवं. तुमच्या चलानमधल्या फोटोत दुसऱ्याच गाडीची नंबर प्लेट असेल किंवा काहीच कळत नसेल, तर इथूनच आक्षेप घ्यायचा.

दंड: आत्ता, नंतर, की कोर्टात?

चलान झालं म्हणजे जागेवर रोख पैसे द्यायलाच हवेत असं नाही. तुमच्यासमोर तीन वाटा असतात.

पहिली, चूक मान्य असेल तर तडजोड शुल्क भरून टाकायचं. मशीनवर कार्डने किंवा ऑनलाइन भरा. पावती किंवा एसएमएस आला की काम झालं. पैसे कुणाच्या वैयक्तिक क्यूआर कोडवर किंवा मोबाइल नंबरवर मागितले, तर ते सरकारी खात्यात जात नाहीत एवढं समजून घ्या.

दुसरी, नंतर भरायचं. महाट्रॅफिक ॲपवर किंवा राज्य पोलिसांच्या ई-चलान संकेतस्थळावर गाडीचा नंबर आणि चेसिस किंवा इंजिन नंबरचे शेवटचे ४ अंक टाकले की थकीत चलान फोटोसह दिसतात.

तिसरी, चूक मान्य नसेल तर आव्हान द्यायचं. आधी ॲपवरून किंवा वाहतूक शाखेकडे लेखी तक्रार करता येते. तिथे सुटलं नाही तर कोर्टात बाजू मांडता येते. न भरलेली चलानं पुढे कोर्टात किंवा लोकअदालतीत जातात. नोटीस आली की दुर्लक्ष करू नका.

एक काम आजच करा. चलानचा एसएमएस गाडीच्या नोंदणीत असलेल्या नंबरवर जातो. गाडी घेताना शोरूमवाल्याचा किंवा एजंटचा नंबर पडलेला असेल, तर तुम्हाला काहीच कळत नाही आणि रक्कम साठत जाते. परिवहन सेवेच्या संकेतस्थळावर जाऊन नंबर बदलून घ्या. सेकंड हँड गाडी घेताना पैसे देण्याआधी जुनी चलानं तपासा आणि गाडी लवकर नावावर करा. विकणाऱ्यानेही हे बघितलं पाहिजे, कारण नाव बदलेपर्यंत चलान त्याच्याच दारात येतं.

चावी काढली, लायसन्स घेतलं, गाडी उचलली

चावी: चालू गाडीची चावी हिसकावून घ्यायचा अधिकार देणारं कलम मोटार वाहन कायद्यात नाही. पण म्हणून हातघाईवर यायचं नाही. “साहेब, गाडी बंद केलीय, मी इथेच आहे, चावी माझ्याकडे राहू द्या,” एवढं शांतपणे म्हणा. ऐकलं नाही तर नाव आणि वेळ टिपा, तक्रार नंतर करा.

लायसन्स: कलम २०६ खाली काही परिस्थितीत पोलीस लायसन्स ताब्यात घेऊ शकतात. ते घेतलं तर तात्पुरती पोच द्यावी लागते. पोच न घेता कार्ड सोडून येऊ नका. डिजिटल लायसन्स असेल तर जप्तीची नोंद प्रणालीतच करता येते, त्यासाठी फोन ठेवून घ्यायची गरज नाही.

गाडी: लायसन्स नसताना, अल्पवयीनाने किंवा नोंदणीशिवाय गाडी चालवली तर कलम २०७ खाली गाडी अडकवून ठेवता येते. अल्पवयीन मुलांसाठी तर कलम १९९ अ फार कडक आहे: पालक किंवा मालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द आणि त्या मुलाला वयाच्या २५ व्या वर्षापर्यंत लायसन्स नाही. धाकट्या भावाला “जरा दुकानापर्यंत जाऊन ये” म्हणत चावी देण्याआधी हे आठवा.

दारूची चाचणी

रात्रीच्या नाकाबंदीत ब्रेथ ॲनालायझरवर फुंकायला सांगतात. मर्यादा आहे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल. चाचणीला नकार दिला आणि पोलिसांना दारूचा रास्त संशय असेल, तर कलम २०३ खाली वॉरंटशिवाय अटक होऊ शकते. पहिल्या गुन्ह्याला ६ महिन्यांपर्यंत कैद, १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. नवी, न वापरलेली नळी लावा असं मात्र हक्काने सांगा.

व्हिडिओ काढायचा का?

सार्वजनिक रस्त्यावर कर्तव्यावरच्या पोलिसाचं चित्रीकरण करायला सरसकट मनाई करणारा कायदा नाही. मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने जुलै २०२२ मध्ये तर असं म्हटलं की शासकीय गुपिते कायद्यातल्या “प्रतिबंधित ठिकाणा”च्या व्याख्येत पोलीस ठाणं येत नाही, त्यामुळे तिथल्या चित्रीकरणावर तो कायदा लावता येत नाही. मग चौकाची गोष्टच वेगळी.

पण कॅमेरा कसा वापरता यावर सगळं अवलंबून आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम २२१ मध्ये सरकारी कामात अडथळा आणल्याबद्दल ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा दंडाची तरतूद आहे. धक्काबुक्की झाली तर कलम १३२, म्हणजे जुनं ३५३, आणि २ वर्षांपर्यंत कैद. चेहऱ्यासमोर फोन नाचवणं, हात पकडणं, गर्दी जमवून “बघा बघा” करणं, यातून हीच कलमं ओढवतात.

मी हे नियम पाळतो:

• कागद मागितले की आधी कागद दाखवायचे. लगेच कॅमेरा काढायचा नाही.
• रेकॉर्डिंग करायचं तर सांगून: “साहेब, माझ्या माहितीसाठी रेकॉर्ड करतोय.”
• दोन पावलं मागे उभं राहायचं, फोन छातीच्या उंचीला धरायचा, मध्ये टोमणे मारायचे नाहीत.
• मूळ फाइल जपायची. व्हॉट्सॲपवरून पाठवलेला व्हिडिओ कॉम्प्रेस होतो. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक पुरावा देताना प्रमाणपत्र लागतं, तेव्हा मूळ फोन आणि मूळ फाइल असलेली चांगली.
• क्लिप कापून, गाणं लावून रील टाकायचं नाही. तक्रारीत अख्खा व्हिडिओ कामाला येतो, अर्धवट क्लिप आपल्याच अंगाशी येते.

“इथेच मिटवून टाकू”

दंड २,००० सांगायचा आणि ५०० मध्ये सोडायचं, हा प्रकार सगळ्यांना माहीत आहे. स्वस्त पडलं असं वाटतं. पण २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणं हाही स्वतंत्र गुन्हा आहे, ७ वर्षांपर्यंत शिक्षेचा. जबरदस्तीने द्यावी लागली असेल तर ७ दिवसांत कळवणाऱ्याला संरक्षण आहे. महाराष्ट्र लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा टोल फ्री नंबर १०६४ आहे. समोर म्हणायचं वाक्य एकच: “साहेब, चलान करा, मी ऑनलाइन भरतो.” डिलिव्हरी करणाऱ्या मित्रांना ऑर्डरच्या घाईमुळे हे जड जातं, मला मान्य आहे. पण रोज त्याच चौकातून जाणाऱ्याने एकदा दिले, की तो नेहमीचा गिऱ्हाईक होतो.

चलानच्या नावाने येणारे खोटे मेसेज

“तुमच्या गाडीचं चलान झालंय, फोटो बघण्यासाठी ॲप डाउनलोड करा” असा व्हॉट्सॲप मेसेज आणि सोबत एपीके फाइल. उघडू नका. ती इन्स्टॉल केली की तुमचे एसएमएस, म्हणजे बँकेचे ओटीपी, दुसऱ्याच्या हातात जातात. सरकारी चलान एपीके फाइलने येत नाही. लिंक असेल तर पत्ता “जीओव्ही डॉट इन” ने संपतो का ते बघा, आणि सगळ्यात सुरक्षित म्हणजे लिंक सोडून स्वतः ॲप उघडून तपासा. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर फोन करा. पहिल्या काही तासांत कळवलं तर रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त असते.

नेहमीचे प्रश्न

मॅप लावून फोन स्टँडवर ठेवला तर चलान होतं का? फक्त रस्ता बघण्यासाठी आणि लक्ष विचलित न होता फोन वापरायला नियमात परवानगी आहे. हातात धरून चालवलं तर कलम १८४ लागतं.

पोलिसानेच हेल्मेट घातलं नसेल तर? कलम २१० ब नुसार कायदा राबवणाऱ्याने नियम मोडला तर दुप्पट दंड. पण त्याने तुमचं चलान माफ होत नाही.

गोव्यात एमएच नंबरची गाडी सारखी थांबवतात, तिथे वेगळे नियम आहेत का? कागद तपासण्याचे नियम तेच. भाड्याची बाइक घेताना काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं आहेत ना ते बघा. तीच अधिकृत भाड्याच्या गाडीची पाटी.

अन्याय झाला तर कुठे जायचं? वाहतूक शाखेच्या वरिष्ठांकडे लेखी तक्रार, गंभीर असेल तर राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण. तिथल्या तिथे धोका वाटला तर ११२.

थोडक्यात

आज रात्री दहा मिनिटं काढा: डिजीलॉकरमध्ये लायसन्स आणि आरसी “इश्यूड” कप्प्यात आणा, ॲप पिनिंग चालू करा, गाडीच्या नोंदणीतला मोबाइल नंबर तपासा, पीयूसी आणि विम्याच्या तारखा फोनच्या कॅलेंडरमध्ये टाका. मग कुणी गाडी बाजूला घ्यायला सांगितली तर घाबरायलाही नको आणि आवाज चढवायलाही नको. कागद दाखवा, चूक असेल तर चलान घ्या, नसेल तर नोंद ठेवून तक्रार करा. आणि हेल्मेट घाला. ते चलानपेक्षा डोक्यासाठी जास्त कामाचं आहे.